बॉल सुटतो तेव्हा तिथं कुणीच नसतं

मिशिगन युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल टीमचा २०२५ चा सीझन तोंडावर आला आहे आणि मला काळजी लागली आहे ती वाइड रिसीव्हरांची. ३० ऑगस्टला ॲन आर्बरमध्ये न्यू मेक्सिकोविरुद्ध पहिली मॅच आहे, ती निभावून जाईल. पण पुढच्याच शनिवारी, ६ सप्टेंबरला, टीम ओक्लाहोमाला जाणार आहे आणि तिथं काहीही झाकून राहणार नाही. आमच्याकडे ऑफिसात, ग्रोसरीच्या रांगेत, मंडळाच्या गणपतीच्या मीटिंगमध्येसुद्धा सगळे बोलतात ते क्वार्टरबॅकबद्दल. ब्राइस अंडरवुड, जेमतेम अठरा वर्षांचा मुलगा, बेलव्हिलचा, म्हणजे अगदी आमच्या शेजारच्या गावातला. त्याच्या वर्षाच्या मुलांमध्ये देशात पहिल्या नंबरचा मानला गेलेला. आधी लुइझियानाच्या एलएसयूला शब्द दिला होता, गेल्या नोव्हेंबरात मन बदललं आणि घराजवळ राहिला. त्याचं कौतुक व्हायलाच हवं. पण पास ही एकट्यानं करायची गोष्ट नाही. तो फेकेल हो, पण पलीकडे कोण आहे?

महाराष्ट्रात बसून हे वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. हा अमेरिकन फुटबॉल, लांबट बॉलचा. बॉल पुढे न्यायचे दोन मार्ग: हातात घेऊन पळायचं, नाहीतर क्वार्टरबॅकनं फेकायचा आणि पुढे गेलेल्या दुसऱ्या कुणीतरी झेलायचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकायचं, नाही सरकलं तर बॉल समोरच्यांचा. मैदानाच्या दोन्ही कडांना उभे राहून जे झेलायला धावतात ते वाइड रिसीव्हर. १९८३ च्या फायनलमध्ये कपिलदेवनं मागे पळत जाऊन घेतलेला रिचर्ड्सचा झेल आमच्या पिढीच्या डोळ्यांसमोरून जात नाही; रिसीव्हरचं काम लांबून तसंच दिसतं. फरक एवढाच की कपिलनं बॉल हवेत पाहिला आणि मग तो धावला. रिसीव्हर धावू लागतो तेव्हा बॉल सुटलेलाच नसतो, आणि सुटतो तेव्हा ज्या जागेकडे निघालेला असतो तिथं कुणीच नसतं.

रिसीव्हरनं धावायची ठरलेली वाट म्हणजे रूट. ‘डिग’ नावाचा एक नेहमीचा रूट घ्या. रिसीव्हरनं नाकासमोर बारा-तेरा यार्ड सरळ धावायचं, बाहेरचा पाय रोवायचा आणि काटकोनात आत वळायचं. तिकडे क्वार्टरबॅक पाच पावलं मागे जातो. शेवटच्या पावलाची टाच टेकली की हात सुटला पाहिजे. त्या क्षणी रिसीव्हरची पाठ त्याच्याकडे असते. तो अजून सरळच धावतोय, त्याच्या छातीशी किंवा कमरेशी समोरच्या टीमचा कॉर्नरबॅक, म्हणजे रिसीव्हरला अडवणारा खेळाडू, चिकटलेला आहे, आणि बॉल निघालेला आहे मैदानाच्या मधल्या एका मोकळ्या तुकड्याकडे. रिसीव्हर पाय रोवून तिथल्या तिथं वळला तर मान फिरवताच बॉल त्याच्या छातीवर. त्यानं वळण गोल घेतलं, नुसतं एक पाऊल जास्त टाकलं, तर तोच बॉल कॉर्नरबॅकच्या हातात. टीव्हीवर आपल्याला काय दिसतं? क्वार्टरबॅकनं समोरच्याला बॉल देऊन टाकला. खुर्चीतून उठून आपण ओरडतो ते क्वार्टरबॅकवर. ते जास्तीचं पाऊल कुणाला दिसतच नाही.

गेल्या वर्षी हेच झालं असं माझं मत आहे. २०२४ मध्ये मिशिगननं तीन क्वार्टरबॅक वापरून पाहिले, डेव्हिस वॉरन, ॲलेक्स ऑर्जी, जॅक टटल. सगळा राग त्या तिघांवर निघाला. मॅचमागे पासचे सरासरी १३० यार्डसुद्धा झाले नाहीत. देशातल्या मोठ्या टीमच्या यादीत मिशिगन पार तळाशी. सदर्न कॅलिफोर्नियाच्या यूएससीला हरवलं त्या दिवशी ऑर्जीचे पासचे यार्ड होते ३२. अख्ख्या मॅचमध्ये ३२! ती मॅच २७-२४ अशी जिंकली ती केलेल मलिंग्सच्या पळण्यावर. सीझनभरात सर्वांत जास्त झेल घेतले ते कोल्स्टन लव्हलंडनं, ५६ झेल आणि ५८२ यार्ड, आणि तो वाइड रिसीव्हर नव्हेच, तो टाइट एंड, म्हणजे मधल्या ओळीच्या टोकाला उभा राहून अडवणारा आणि झेलणाराही. एकाही वाइड रिसीव्हरला ३०० यार्ड गाठता आले नाहीत. लव्हलंडला या एप्रिलमध्ये एनएफएलच्या, म्हणजे व्यावसायिक लीगच्या, ड्राफ्टमध्ये (कॉलेजच्या खेळाडूंच्या निवडीत) शिकागो बेअर्सनं दहाव्या नंबरवर उचललं. म्हणजे गेल्या वर्षी अडलेल्या वेळी ज्याच्याकडे बॉल जायचा तोही आता नाही.

क्वार्टरबॅक कमी पडले हे खरंच आहे. पण मी मॅचेस पुन्हा लावून, बॉल सोडून फक्त कडेच्या मुलांकडे पाहिलं आहे. कॉर्नरबॅक त्यांच्या अंगाला चिकटलेला सुटतच नव्हता. पहिल्या दोन-तीन यार्डांतच छातीवर हात बसायचे, रूट तिथंच मोडायचा, आणि क्वार्टरबॅकनं वर पाहिलं की एकही जण मोकळा नाही. मग तो बॉल धरून ठेवतो, मार खातो, पुढच्या वेळी घाईत फेकतो, आणि आपण म्हणतो, याला जमत नाही.

मी या मुलांकडेच का पाहते, त्याला कारण आहे. माझा मुलगा हायस्कूलच्या टीममध्ये रिसीव्हर आहे. मी स्वतः नाशिकला क्रिकेट आणि खो-खो पाहत वाढले. हा खेळ मला कळला तो त्याला प्रॅक्टिसला नेता-आणता, कुंपणाला टेकून बघता बघता. त्याचे ग्लव्ह्ज धुवायचे नसतात, ओल्या फडक्यानं पुसायचे असतात, नाहीतर तळव्याचा चिकटपणा जातो. बॉल छातीच्या वर आला तर दोन्ही अंगठे आणि दोन्ही तर्जन्या जुळवून मध्ये शंकरपाळ्याच्या आकाराची खिडकी करायची, बॉलचं टोक त्यात शिरलं पाहिजे. कमरेच्या खाली आला तर करंगळ्या जुळवायच्या. नजर बॉलच्या टोकावर, आणि बॉल काखेत दाबून होईपर्यंत तिथंच. पळायची घाई झाली की नजर आधी पुढे जाते आणि बॉल बोटांवर आपटून पडतो. बहुतेक सुटलेले झेल असेच सुटतात.

गाडीत बसल्यावर तो कधी कधी काही बोलत नाही. मी विचारलं तर म्हणतो, “आई, आज सगळे रूट बरोबर पळालो. एकदाही आला नाही.” मॅचमध्ये हे असंच असतं. रिसीव्हर तीस-चाळीस वेळा जिवाच्या आकांतानं धावतो आणि त्यातले चार-पाच बॉल त्याच्याकडे येतात, तेही नशीब असेल तर. उरलेल्या वेळी त्यानं धावायचं ते समोरच्याला गुंतवून ठेवायला, नाहीतर आपला पळणारा गडी सुटावा म्हणून कुणाला तरी अडवायला. मिशिगनसारख्या पळण्यावर जगणाऱ्या टीममध्ये तर जास्तच. एवढं करून ज्या एका वेळी बॉल येतो, त्या वेळी सुटला तर लाखभर लोकांसमोर. मिशिगन स्टेडियमची क्षमता १,०७,६०१ आहे.

रॉनी बेल आठवतो. कॅन्सस सिटीचा मुलगा, कॉलेजात बास्केटबॉल खेळायला निघालेला. मिशिगननं फुटबॉलसाठी बोलावलं म्हणून इकडे आला. १९ ऑक्टोबर २०१९, पेन स्टेटच्या मैदानावर, मिशिगन २१-२८ असं मागे. शेवटची दोनेक मिनिटं, चौथा प्रयत्न, एंड झोन (मैदानाच्या टोकाचा पट्टा, तिथं बॉल पोचला की टचडाऊन) तीन यार्डांवर. क्वार्टरबॅक शे पॅटरसननं बॉल बरोबर टाकला, बेल मोकळा होता, बॉल हातात आला आणि निसटला. मिशिगन तिथंच हरली. एकवीस वर्षांच्या आतल्या त्या पोराला नंतर काय काय ऐकून घ्यावं लागलं ते लिहायची माझी इच्छा नाही. दोन वर्षांनी, २०२१ च्या पहिल्याच मॅचमध्ये त्यानं ७६ यार्डांचा टचडाऊन केला आणि थोड्याच वेळात त्याचा गुडघा गेला, अख्खा सीझन बसून काढला. २०२२ मध्ये परत आला तो टीमचा कॅप्टन म्हणून, ६२ झेल आणि ८८९ यार्ड घेऊन. आमच्या घरात त्याचं नाव आदरानं घेतात. माझ्या मुलाला मी झेलण्याचं तंत्र शिकवू शकत नाही, पण बेलबद्दल मी त्याला पुष्कळ वेळा सांगितलं आहे.

मिशिगनला रिसीव्हरांची परंपरा नाही असं कुणी म्हणू नये. १९७९ मध्ये इंडियानाविरुद्ध अगदी शेवटच्या बॉलवर जॉन वँग्लरचा पास घेऊन अँथनी कार्टरनं ४५ यार्डांचा टचडाऊन केला आणि २७-२१ अशी मॅच जिंकून दिली. त्याच्या अंगावर एक नंबरची जर्सी होती आणि तेव्हापासून इथं एक नंबर म्हणजे मोठा रिसीव्हर असं समीकरण झालं. १९९१ मध्ये नोत्र दामविरुद्ध चौथ्या प्रयत्नाला एकच यार्ड हवा असताना एल्व्हिस गरबॅकनं २५ यार्ड लांब बॉल फेकला आणि डेस्मंड हॉवर्डनं अख्खं अंग आडवं करून तो एंड झोनमध्ये घेतला. त्या वर्षीची हाइजमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, त्याचीच. २००४ मध्ये मिशिगन स्टेटविरुद्ध ब्रेलन एडवर्ड्सनं हरलेली मॅच खेचून आणली, ४५-३७, तीन ओव्हरटाइम. पुढच्या एप्रिलमध्ये तो तिसऱ्या नंबरवर एनएफएलमध्ये गेला.

आणि तिथून पुढे? ब्रेलन एडवर्ड्सनंतर मिशिगनचा एकही वाइड रिसीव्हर एनएफएल ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत गेलेला नाही. वीस वर्षं झाली. चांगले मुलगे आले नाहीत असं नाही, निको कॉलिन्स आज ह्यूस्टनला काय खेळतो ते सगळे पाहतातच. पण दक्षिणेला शेजारच्या राज्यात पाहिलं की पोटात गोळा येतो. ओहायो स्टेट: २०२२ मध्ये गॅरेट विल्सन आणि क्रिस ओलावे, २०२३ मध्ये जॅक्सन स्मिथ-एन्जिग्बा, २०२४ मध्ये मार्व्हिन हॅरिसन ज्युनिअर, २०२५ मध्ये एमेका एगबुका. चार वर्षांत पाच रिसीव्हर पहिल्या फेरीत. आता त्यांच्याकडे जेरेमाया स्मिथ आहे, तोही अजून दुसऱ्याच वर्षाला.

यामागे पैसा आहे, कोचिंग आहे, पण माझ्या मते मोठं कारण आम्ही मिशिगनवाल्यांनी प्रेमानं स्वीकारलेल्या खेळण्यातच आहे. ११ नोव्हेंबर २०२३ ला पेन स्टेटविरुद्ध मिशिगननं सलग ३२ वेळा बॉल पळवला आणि २४-१५ असं जिंकलं. हेड कोच जिम हारबॉ निलंबित होते, त्यांचे असिस्टंट शेरॉन मूर त्यांच्या जागी उभे होते आणि मॅच संपल्यावर कॅमेऱ्यासमोर रडले. आम्हीही घरात डोळे पुसले. इतकी ताकद, इतका धीर, समोरच्याला माहीत असून थांबवता येत नाही! मी ती मॅच आजही आनंदानं पाहते. पण त्याच दुपारी टेक्सासमध्ये किंवा फ्लोरिडात कुठलातरी सोळा-सतरा वर्षांचा रिसीव्हर आपल्या आईवडिलांबरोबर बसून ती मॅच पाहत असेल, समोर मिशिगनचं पत्र असेल. तो काय विचार करेल? माझा मुलगा त्याच्या जागी असता तर मी त्याला कुठं जा म्हटलं असतं? फेकत नाहीत म्हणून झेलणारे येत नाहीत, आणि झेलणारे नाहीत म्हणून फेकता येत नाही. वर्षानुवर्षं हे असं चाललं आहे, आणि २०२१ ते २०२३ जिंकत होतो म्हणून टोचलं नाही.

जिंकताना तरी काय होतं ते आठवून पाहा. १ जानेवारी २०२४ चा रोज बोल, म्हणजे चॅम्पियनशिपची सेमीफायनल, अलाबामाविरुद्ध. पहिल्या हाफमध्ये क्वार्टरबॅक जे. जे. मकार्थीनं टायलर मॉरिसला दिलेला ३८ यार्डांचा टचडाऊन. ते दोघं इलिनॉयमध्ये एकाच हायस्कूलच्या टीममध्ये खेळलेले. मॉरिस कुठं वळणार हे मकार्थीला पहिल्यांदा पाहावं लागत नव्हतं. मग शेवटी, सात पॉइंटांनी मागे असताना, बोटाला लागून दिशा बदललेला बॉल रोमन विल्सननं हवेत उडी मारून घेतला, २९ यार्ड, आणि थोड्या वेळात त्यानंच चार यार्डांवरून टचडाऊन करून बरोबरी साधली. त्या सीझनमध्ये विल्सनचे ४८ झेल आणि १२ टचडाऊन. हा वर्षानुवर्षांचा सराव होता. तो सगळा गट एकदम गेला: मकार्थी, विल्सन, कॉर्नेलियस जॉन्सन, सगळे मिळून १३ जण ड्राफ्टमध्ये. मागे राहिला मॉरिस, आणि त्याला एका सीझनमध्ये तीन वेगवेगळ्या हातांतून येणारे बॉल ओळखायचे होते. डिसेंबरात तो ट्रान्स्फर पोर्टलमध्ये (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत) गेला आणि इंडियानाला निघून गेला. मी त्याला दोष देत नाही.

इंडियानाहूनच या वर्षी आमच्याकडे डोनव्हन मकली आला आहे. उंच, सहा फूट पाच इंच. २०२१ मध्ये तो कॉलेजात आला तोच मुळी क्वार्टरबॅक म्हणून, पहिल्याच वर्षी काही मॅचेस त्यानं क्वार्टरबॅक म्हणून सुरूही केल्या, आणि मग रिसीव्हर झाला. २०२३ मध्ये ४८ झेल, ६४४ यार्ड, सहा टचडाऊन. गेल्या वर्षी मात्र चार मॅचेसनंतर तो तिथं खेळला नाही. मला या मुलाकडून आशा आहे आणि ती त्याच्या उंचीमुळे नाही. ज्यानं स्वतः मागे जाऊन, अंगावर धावून येणारे पाच-सहा जण पाहत बॉल फेकला आहे, त्याला क्वार्टरबॅकला काय दिसतं हे माहीत असतं. अठरा वर्षांच्या अंडरवुडला गोंधळल्यावर जर कुणी आपण होऊन रूट मोडून मोकळ्या जागी येऊन उभा राहिला, तर तो मकली असेल.

पण त्याच्यामागे कोण, हे विचारलं की माझी काळजी परत येते. सेमाज मॉर्गन वेगवान आहे, डेट्रॉइटच्या बाजूचा, वेस्ट ब्लूमफिल्डचा. त्याच शाळेत त्याचे कोच होते रॉन बेलामी, जे पुढे मिशिगनचे रिसीव्हर कोच झाले आणि स्वतः इथंच रिसीव्हर म्हणून खेळलेले आहेत. गेल्या वर्षी मॉर्गनला बहुतेक बॉल मिळाले ते खेळ सुरू होतो त्या ओळीच्या मागे किंवा दोन यार्डांवर. पकडायचा आणि चार जणांच्या गराड्यातून वाट काढायची. तसा खेळ करून कुणाचंच भलं होत नाही. फ्रेडरिक मूरबद्दल दर स्प्रिंगला चांगलं ऐकू येतं, आता मैदानात दिसायला हवं. यूमासहून (मॅसॅच्युसेट्स युनिव्हर्सिटीतून) आलेला अँथनी सिम्पसन २०२३ मध्ये ७९२ यार्ड करून बसलाय, पण गेलं वर्ष दुखापतीत गेलं. चॅनिंग गुडविन दुसऱ्या वर्षाला आहे, त्याचे वडील जोनाथन इथं सेंटर होते आणि पुढे न्यू ऑर्लिन्सकडून सुपर बोल जिंकले. आणि नवीन आलेल्यांत टेक्सासचा अँड्र्यू मार्श. या मुलाबद्दल मला आतून काहीतरी वाटतं. हायस्कूलच्या व्हिडिओत त्याचं वळण पाहिलं, पाय रोवल्यावर एकही पाऊल वाया जात नाही. पण तो फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाचा, आहे. अठरा वर्षांचा फेकणारा आणि अठरा वर्षांचा झेलणारा, दोघंही नवे, आणि समोर ओक्लाहोमा; अशा वेळी त्यांच्याकडून अपेक्षा करताना मोठ्या माणसांनी थोडं भान ठेवावं.

पोर्टलनं नाव मिळतं, अनुभव मिळतो, आकडे मिळतात. एकमेकांची सवय मिळत नाही. २०२५ च्या जुलैपासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली आहेत, आणि मला ते योग्यच वाटतं. ही मुलं ज्या खेळासाठी गुडघे मोडून घेतात त्यातून बाकी सगळे कमावत होते. पण त्याचबरोबर दर डिसेंबरात अर्धी रिसीव्हर रूम बदलते. चिप लिंडसी नवे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (आक्रमणाची आखणी करणारे कोच), नॉर्थ कॅरोलायनाहून आलेले, म्हणजे रूटची नावं आणि हातांच्या खुणाही नव्या. जानेवारी ते ऑगस्ट एवढ्या काळात अंडरवुडला शिकायचं आहे, की मकली लांब पावलांचा आहे, त्याला वळायला अर्धं पाऊल जास्त लागतं. मॉर्गन लगेच वळतो, त्याच्यासाठी हात आधी सोडायला हवा. मार्शला बॉल डोक्याच्या वर आवडतो की छातीवर. या गोष्टी कुठल्याही वहीत लिहिलेल्या नसतात. दोघांनी मिळून रिकाम्या मैदानावर, उन्हात, हजारदा तोच रूट पळाल्यावर त्या अंगात येतात. माझ्या मुलाची आणि त्याच्या क्वार्टरबॅकची अशी सवय व्हायला अख्खा उन्हाळा गेला, आणि ते दोघं तर एकाच गल्लीत राहतात.

एप्रिलमधल्या स्प्रिंग गेमला, म्हणजे टीमच्या आपापसातल्या सराव मॅचला, आम्ही स्टेडियममध्ये होतो. मॅच सुरू होण्याआधी रिसीव्हर एका ओळीत उभे राहून एकेक करून धावतात आणि क्वार्टरबॅक त्यांना बॉल देतात, ते मी खास लवकर जाऊन पाहते. तेव्हा अंगावर कुणी नसतं, म्हणून फक्त वेळ दिसते. अंडरवुडचा हात सुटताना बॉलचा आवाज होतो असं वाटावं इतका तो जोरात जातो. दोन-तीनदा रिसीव्हर वळायच्या आत बॉल पुढे निघून गेला. अंडरवुडनं हात वर केला, माझी चूक अशी खूण केली. रिसीव्हरनंही छातीवर हात मारला, माझी चूक. दोघंही आपली म्हणत होते. मला ते फार आवडलं. दोघांचंही वय पाहता ते सोपं नाही.

गेल्या नोव्हेंबरात कोलंबसमध्ये ओहायो स्टेटला १३-१० असं हरवलं, त्या दिवशी वॉरनचे पासचे यार्ड होते ६२. तो विजय मी कधी विसरणार नाही. पण त्या विजयानं काही लोकांचा समज झाला आहे की पासशिवायही चालतं. तेवढ्या जोरावर सबंध सीझन निघत नाही. टेक्साससमोर आपल्याच मैदानावर ३१-१२ असं हरलो, ही त्याच वर्षीची गोष्ट.

३० तारखेला मॅच संध्याकाळी साडेसातला आहे. गणपती बुधवारीच बसलेले असतील आणि मॅचच्या दुसऱ्या दिवशी गौरी यायच्या, म्हणून मॅचच्या दिवशी घरात पाहुणे असणारच. आरती सहाला करून घेऊ असं मी आत्ताच सांगून ठेवलं आहे. न्यू मेक्सिकोविरुद्ध किती पॉइंट झाले ते मी पाहणार नाही. तिसऱ्या प्रयत्नाला सहा-सात यार्ड हवे असताना काय होतं ते पाहणार आहे. पहिल्या पाच यार्डांत कॉर्नरबॅकचे हात आपल्या मुलांच्या छातीवर किती वेळ राहतात. मॉर्गनला ओळीच्या पुढे, दहा-बारा यार्डांवर बॉल देतात का. मार्शला कितव्या क्वार्टरमध्ये उतरवतात. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, अंडरवुडचा हात रिसीव्हर वळण्याआधी सुटतो की वळल्यानंतर. वळल्यानंतर सुटत असेल तर त्याचा अजून त्यांच्यावर भरवसा बसलेला नाही असं समजायचं, आणि ओक्लाहोमाला जायला मग सातच दिवस उरतात.